बंद म्हणजे बंद

गुरुवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पिंपळगाव राजाच्या बसथांब्यासमोरच्या मेडिकलचं शटर वर गेलं होतं आणि मंजुश्री हिवराळे काउंटर पुसत पुटपुटत होती, "वू झूव्रे आ केल अर?" म्हणजे, दुकान किती वाजता उघडतं?

तिला कॅनडाला जायचं होतं आणि त्यासाठी फ्रेंचची परीक्षा द्यायची होती. तोंडी परीक्षेत परीक्षक दुकानदार होतो. उमेदवारानं गिऱ्हाईक होऊन त्याला फोनवर प्रश्न विचारायचे. परीक्षा शनिवारी, मुंबईत. शुक्रवारी संध्याकाळचं शेगावहून रेल्वेचं तिकीट तिनं काढून ठेवलं होतं.

दुकान मोठ्या भावाचं, संघर्षचं. घराच्याच पुढच्या खोलीत. परवाना मात्र मंजुश्रीच्या डी.फार्म.वर. भिंतीवरच्या प्रमाणपत्रातल्या फोटोत ती वीस वर्षांची आहे, आता सत्तावीस. "दुसरा फार्मासिस्ट पाह्यतो," असं संघर्ष दिवाळीपासून म्हणत होता.

दुपारी दोनला तिच्या पुण्याच्या फ्रेंच शिक्षिका सरावासाठी फोनवर दुकानदार झाल्या. उघडायची वेळ, जेवणाची सुट्टी, सगळं मंजुश्रीनं बिनचूक विचारलं. शेवटी बाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "रविवारी आम्ही बंद असतो."

"हरकत नाही," मंजुश्री तितक्याच सफाईनं म्हणाली, "मी मागच्या दारानं हाक मारीन. तुम्ही घरीच असाल ना?"

बाईंनी सराव थांबवला. मग मराठीत म्हणाल्या, "असं कोण विचारतं? बंद म्हणजे बंद. मग सोमवारी किती वाजता, असं विचारायचं."

"आमच्याकडे विचारतात, मॅडम."

"परीक्षक तुमच्याकडचा नसतो."

फोन ठेवून तिनं पुठ्ठ्यावर 'शुक्रवार, शनिवार दुकान बंद' असं लिहिलं आणि तो दर्शनी भागात टांगला.

चार वाजता जनकाबाई आल्या. "बंद काऊन वं? माही बीपीची गोळी उद्या सरते."

"आजच घेऊन जा, मावशी."

"आज चिठ्ठी नाई आणली. उद्या मांगच्या दारानं येतो."

"मी घरी नसन."

"नसली तं नसली. तुही माय हाये ना."

पाचला संघर्ष आला. त्यानं पाटी वाचली. "खामगावचा फार्मासिस्ट नाई म्हणे."

"मंग दोन दिवस बंद ठेव, दादा."

"लोक मांगून येतीन. माय कोणाले नाई म्हणत नाई. थे काढून देईन गोळ्या, अन परवाना तुह्या नावाचा."

हे खरं होतं. गेल्या वर्षी मंजुश्री मलकापूरला लग्नाला गेली, तेव्हा आईनं जनकाबाईंना बीपीऐवजी शुगरची गोळी दिली होती. त्या दोन दिवस दवाखान्यात होत्या.

"किल्ली मी संग नेतो," मंजुश्री म्हणाली.

"अन कोणाचं लेकरू तापानं फणफणलं तं?"

गावात दुसरं मेडिकल नव्हतं; रात्री लेकरू घेऊन खामगावपर्यंत कोण कसं जाईल, हे मंजुश्रीलाही माहीत होतं.

"पुढची तारीख घे ना," संघर्ष म्हणाला.

"हे पुढचीच व्हय, दादा. तिसरी."

तो आत चहाला गेला. मंजुश्रीनं मोबाईलवर तिकीट रद्द केलं, पाटी काढली आणि पुठ्ठा उलटा करून औषधांच्या खोक्याखाली ओल लागू नये म्हणून सारला.

उद्या शुक्रवार. दुकान सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी उघडेल.