सपाट गाण्यांची सेन्सेई

हॉलंड, जानेवारी २०२१, शनिवार दुपार. झूमवर हजर: ग्रोनिंगनहून मंजू, लायडनहून शुभदा, फेल्डहोवनहून मी आणि माझ्या समोरच्या घरातून ती. गैरहजर: कुणी नाही. जाणार कुठे होतो?

तिनं नेहमीप्रमाणे तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर नुसता पंजा.

"थांबा. श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवा. गाणं मग."

आम्ही तिला सेन्सेई म्हणायचो, म्हणजे बाई, शिकवणाऱ्या. सुरुवातीला थट्टेनं, नंतर सवयीनं. पुण्यात तिनं इंजिनियरांना जपानी शिकवलं होतं. मग नवऱ्याच्या नोकरीमागे योकोहामा, तिथून हे चिप-यंत्रांचं गाव. इथे तिचं जपानी कुणालाच नको होतं. लॉकडाऊन लागला, आमच्या चौघींची भिशी बंद पडली आणि तिनं कराओके काढलं.

"मराठी का नको?" शुभदानं विचारलं होतं.

"मराठी चुकलं की लाज वाटते. जपानी चुकलं तर कळणार कुणाला?"

गाणी ती निवडायची, त्यांचा तक्ता मी ठेवायचे. तिचे नियम ठरलेले होते. पन्नाशीचा गळा म्हणजे पन्नाशीचा गुडघा, त्याला जिना दाखवायचा नाही. शब्द थोडे, ओळी परत परत येणाऱ्या, मध्ये इंग्रजी नको, वेग सायकलीवर भाजी घेऊन येणाऱ्या बाईचा. "गाणं हॉलंडसारखं हवं," ती म्हणायची. "सपाट. फार तर एखादा पूल."

शब्द ती देवनागरीत लिहून पाठवायची. 'त्सु' आम्हाला जमेना, तेव्हा म्हणाली, "चुलीतला च म्हणा गं, चिंचेतला नको." त्या क्षणापासून आम्हाला जपानी येऊ लागलं, असं आम्हाला वाटलं. 'हाहा' म्हणजे आई हे कळल्यावर मंजू म्हणाली, "माझ्या सासूबाईंना सांगते. एकदा तरी हसतील."

त्या शनिवारच्या गाण्यात 'अनाता' हा शब्द ओळीच्या शेवटी सारखा येत होता. मंजूनं ओळी फोनमध्ये उतरवून घेतल्या आणि फोननं शहाणपणानं सगळीकडे 'अनाथ' करून ठेवलं. तिनं ते मनापासून गायलं. "अनाऽऽथ!"

सेन्सेई हसता हसता खुर्चीवरून खाली गेली. वर आली तेव्हा डोळे पुसत होती. "अगं, अनाता म्हणजे तू. पण बायकोनं नवऱ्याला म्हटलं की आपलं 'अहो'. योकोहामापासून मी ह्यांना घरात तेच म्हणते. तू माझ्या अहोंना अनाथ करतेस!"

पुढच्या आठवड्यात तिच्या अहोंना ताप आला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, घरी येऊन बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजनचा आकडा पाहिला आणि रुग्णवाहिका बोलावली. मी खिडकीतून पाहत होते. ती दारात चपला न घालता उभी होती. गाडी वळली तरी तिचा हात वरच होता.

नळी घालून त्यांना झोपवून ठेवलं. भेट नाही. रोज दुपारी एक नर्स त्यांच्या उशीशी टॅबलेट धरायची आणि सांगायची, बोला, कदाचित त्यांना ऐकू येत असेल.

"काय बोलू?" तिनं मला फोन केला. "झोप झाली का विचारू? दोन मिनिटांत माझं मराठी संपतं. काल गाणं म्हणायला गेले, तर दुसऱ्या ओळीला गळाच बंद झाला. त्यांना माझं रडणं ऐकू गेलं असेल. तू तक्ता काढ. मला रडू येणार नाही असं गाणं हवंय. आज."

मला असं काम दिलं की बरं वाटतं. मी तक्त्यात 'रडू' असा रकाना वाढवला. मंजू आणि शुभदाला बसवलं. एकेक गाणं आम्ही म्हणून पाहिलं, कुणाचा आवाज कुठे फाटतो ते लिहिलं. तुम्ही कधी असं करून पाहू नका. जी गाणी सोपी, त्यांतच गळा भरून येत होता. अवघड गाण्यात माणूस शब्दांच्या मागे धावतं, त्याला रडायला सवड नसते. सपाट गाण्यात सवडच सवड. तिचे सगळे नियम उलटे पडले होते.

"मग अवघड म्हण," मी म्हटलं.

"अवघड ह्यांना येत नाही गं. ह्यांना ते एकच यायचं, ऑफिसच्या पार्टीतलं. अनातावालं."

शेवटी ठरलं की आम्ही तिच्या सोबत त्या कॉलवर जायचं. नर्सला विचारलं, ती हो म्हणाली. झूमवर चौघींनी एकत्र गायलं तर कालवा होतो, म्हणून भेंड्यांसारखं एकेकीनं एकेक ओळ घ्यायची. मी त्याच अनातावाल्या गाण्याच्या ओळी वाटून दिल्या. तेव्हा शुभदा अडली.

"माझ्या ओळीत अनाता आहे. मी नाही म्हणणार."

"का?"

"तिच्या नवऱ्याला मी अहो म्हणू? तो शब्द तिचा आहे."

मंजूही म्हणाली, खरंय. आता हसू येतं, पण तेव्हा आम्ही त्यावर गंभीरपणे चर्चा केली. सेन्सेई म्हणाली, "बरं. तेवढी जागा रिकामी सोडा. मी भरेन."

मग रोज दुपारी आम्ही गात होतो. टॅबलेटवर त्यांची हनुवटी, नळी, पट्टीखालची दाढीची खुंटं. मागे यंत्राचा ठेका, आमच्या कुठल्याच तालात न बसणारा. आम्ही ओळ म्हणायचो, थांबायचो आणि ती म्हणायची, "अनाता." कधी स्वच्छ, कधी नुसती हवा. यंत्रावरचा आकडा खाली गेला की ती गाणं सोडून डचमध्ये विचारायची, हे चांगलं की वाईट? नर्स म्हणायची, वाट पाहू या.

एका सकाळी डॉक्टरांनी तिला फोनवर सांगितलं की मनाची तयारी ठेवा. त्या दुपारीही ती कॉलवर आली. शुभदानं ओळ म्हटली, थांबली. जागा रिकामी. सेन्सेईचं तोंड उघडं, आवाज नाही. आम्ही तिघी आपापल्या चौकोनात गोठलेल्या, कुणाचीच तो शब्द उचलायची हिंमत नाही.

आणि मास्कमागून नर्स म्हणाली, "आऽनाता."

मागाहून कळलं, तिला ते त्यांचं घरातलं नाव वाटत होतं. इतक्या बायका रोज त्यावर येऊन थांबतात म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? ती त्यांना कुशीवर वळवतानाही त्याच नावानं हाक मारायची. पुढे झोपेचं औषध कमी केल्यावर, "मेनेर अनाता, डोळे उघडा" म्हणून तिनंच त्यांना जागं केलं. डचमधल्या त्या 'मेनेर'मुळे तिचे अहो 'श्रीयुत अहो' झाले होते.

ते घरी आले. हात धरून चालायला शिकले. वसंतात एकदा सायकलवाटेवर दोघं दिसले. ते पुढे, सायकल डुगडुगत, आणि ती शेजारून एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून. मी हाक मारणार होते, मारली नाही. त्या दोघांना तोल सांभाळायचा होता.

पण शनिवारी झूमवर ती आली नाही. पुढच्याही नाही. शेवटी मी मास्क लावून तिच्या दारात गेले.

"नाही जमत गं," ती म्हणाली. "कुठलंही लावलं की मागे ते यंत्र वाजतं. सगळी गाणी तिथे खर्च झाली. ह्यांना मी आता नावानं हाक मारते. अनाता म्हटलं की हे दचकतात. आणि मीही." मग घरात वळून पाहून, हळू आवाजात, "मला माहीत नसलेलं एखादं काढ. सोपं. माझ्या गळ्याला झेपेल असं. ज्यात कुणाला हाक मारलेली नसेल."

आमच्या तिघींपैकी जपानी कुणालाच येत नाही. तरी मी शोधलं. बरीच टाकली, एक सापडलंय. संथ आहे, खालच्या सुरात आहे, पूलसुद्धा नाही. ऐकून ऐकून देवनागरीत उतरवत आणलंय. फक्त तिसऱ्या ओळीच्या शेवटचा शब्द नीट कळत नाही. ती हाक आहे की नाही, ते विचारायला आमच्याकडे एकच माणूस आहे, आणि तो शब्द कळल्याशिवाय तिला हे गाणं पाठवता येत नाही.

तेवढं राहिलंय.