आम्ही न केलेला प्रवास

मंडळी, इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. तीस वर्षं लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यात आमचं घर बौद्ध — देव्हारा नाही, नवस नाही, अंगात येणं नाही. आत्मा, पुनर्जन्म असलं काही मानायचं नाही, हे वडिलांनी बावीस प्रतिज्ञांबरोबर लहानपणीच डोक्यात घट्ट बसवलेलं. त्यामुळे खाली जे लिहितोय त्याला भुताची गोष्ट म्हणू नका. मग काय म्हणायचं, ते मात्र मलाही सांगता येत नाही.

माझी बायको सुजाता नांदेडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तिचे मामा किनवटला राहायचे, म्हणून तिच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या नांदेड–आदिलाबाद लाईनवर गेल्या. ती गाडी म्हणजे काय... मुदखेडला थांबणार, भोकरला थांबणार, मध्येच क्रॉसिंगसाठी रानात उभी राहणार, माणसं खाली उतरून पाय मोकळे करून येणार. सुजाताला त्या सगळ्याचं भारी वेड. लग्नानंतर दर सुट्टीत तिचं एकच मागणं — "अहो, एकदा पॅसेंजरनं सहस्रकुंडला जाऊ. डबा घेऊ, खिडकीपाशी बसू. लवकर पोचायचं नाही असं ठरवूनच जाऊ."

आणि माझं ठरलेलं उत्तर — "कारनं दोन तासांचं काम. त्यासाठी अख्खा दिवस कशाला घालवायचा?"

एकदा नेलं तिला. कारनंच. नांदेडहून सकाळी निघालो, वाटेत चहालाही थांबलो नाही. धबधब्यापाशी वीस मिनिटं. पैनगंगेला पाणी भरपूर होतं, ती कठड्याला धरून बघत उभी होती, आणि मी घड्याळ बघत होतो, कारण संध्याकाळी लातूरला पोचून पेपर तपासायचे होते.

"झालं ना बघून?" मी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

लातूर येईपर्यंत दुसरा शब्द नाही. मला वाटलं, दमली असेल. मी असा माणूस आहे, मंडळी.

मग तिचं आजारपण आलं. उपचारांसाठी आम्ही नांदेडला मेव्हण्याकडे राहत होतो. त्यांचं घर रेल्वे लाईनजवळ. एका सकाळी गाडीचा आवाज आला तशी ती उशीला टेकून उठून बसली आणि म्हणाली, "आता तर आपल्याला कसलीच घाई नाही. जाऊ या का?"

मी म्हणालो, "आधी बरी हो, मग जाऊ."

ती बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं. तरीसुद्धा मी तेच म्हणालो. तिला उचलून त्या गाडीत बसवणं अवघड नव्हतं, मेव्हण्यानं मदत केली असती. पण मला ते सुचलंच नाही... की सुचून नको वाटलं, कोण जाणे. जूनमध्ये ती गेली.

पुढच्या वर्षी मी रिटायर झालो. दसरा झाला, दिवस रिकामे वाटायला लागले, आणि एका सकाळी मी नांदेड स्टेशनवर जाऊन आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं. एकट्याचं. गाडी सुटायच्या पाऊण तास आधी मी प्लॅटफॉर्मवर हजर. ही माझी जुनी खोड. यावरून सुजाता मला खूप चिडवायची.

गर्दी बेताची होती, खिडकी मिळाली. मुदखेडच्या आधी समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. साठीच्या आतबाहेर, मांडीवर दहा-अकरा महिन्यांची नात. नातीचं टोपडं नीट करता करता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम ओळखीचं हसल्या.

"सर, यंदा एकलेच? बाई न्हाई आल्या व्हय?"

मला वाटलं, सुजाताच्या शाळेतली एखादी पालक असेल. म्हटलं, "तुम्ही कुठल्या?"

"घ्या! इसरले. आवो, मी अनुसयाबाई, हिमायतनगरची. मागल्या साली ह्याच गाडीत नव्हतो का आपण? माझ्या सुनंला सातवा चालू व्हता, नांदेडला दाखवून आणून राहिले व्हते तिला. बाईंनी उठून तिला खिडकी दिली. ही तवा पोटात व्हती." त्यांनी नातीच्या पाठीवर थापटलं.

मी म्हणालो, तुमची काहीतरी चूक होतेय, मी या गाडीत पहिल्यांदाच बसलोय.

बाई मनापासून हसल्या. "सरांची थट्टा करायची सवय काही गेली न्हाई! मागल्या खेपेलाबी असंच. सीताफळं घेतली व्हती तुम्ही मुदखेडला. एक एक सोलून, बिया काढून बाईंच्या हातावर ठिवत व्हता. मी सुनंला म्हनलं, बघ, असा नवरा पाहिजे. आन् भोकरला तर तुम्ही दोघं खाली उतरले, पार प्लॅटफॉर्मच्या टोकापातुर फिरत गेले. गाडीनं शिट्टी मारली तरी तुमची काही घाई न्हाई! मी खिडकीतून हाका मारून राहिले, सर या, सर या..."

मी. शिट्टी वाजल्यावर घाई न करणारा मी!

फिजिक्सच्या माणसाला आकडेमोडीशिवाय सुचत नाही. मुलगी अकरा महिन्यांची, तेव्हा सातवा महिना. म्हणजे गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. सुजाताला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आणि मी? मी त्या सबंध महिन्यात लातूर सोडलं नव्हतं. कॉलेजात पहिल्या सत्राच्या परीक्षा चालू होत्या आणि सुपरव्हिजन माझ्याकडे होतं.

तरी वाटत होतं, दुसरं कुणीतरी जोडपं असेल. माझ्यासारखे टक्कल आणि चष्मावाले मराठवाड्यात पैशाला पासरी सापडतील.

"बाईंचा डबा ऱ्हायलाय माझ्याकडं," अनुसयाबाई म्हणाल्या. "धपाट्याचा. सुनंला भूक लागली व्हती, तर बाईंनी अख्खा डबाच हातात दिला, म्हनल्या असू दे, सावकाश द्या. रिकामा कसा द्यावा म्हणून ठिवलाय. हिमायतनगरला उतरता का? स्टेशनच्या मागंच घर हाय."

माझं तिकीट पुढचं, सहस्रकुंडचं होतं. पण हिमायतनगर आलं आणि मी उतरलो. ठरवलेल्या ठिकाणाच्या आधी मी आयुष्यात पहिल्यांदाच उतरलो असेन.

दोन खोल्यांचं घर. दारात सोयाबीनचं भुसकट पसरलेलं. सून बाहेर आली, मला बघून तिनं पटकन पदर सारखा केला. "सर! या ना. बाई कुठं हायत?" सासूनं तिला आधी काही सांगितलेलं नव्हतं. आम्ही दोघं बरोबरच दारात पोचलो होतो.

तिनं फळीवरून डबा काढला. मध्यम आकाराचा, स्टीलचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं — सुजाता. नुसतंच सुजाता, आडनाव नाही, तारीख नाही. तुम्ही विचाराल, तो तुमचाच होता का? मंडळी, मला सांगता आलं नाही. तिनं त्या डब्यांतून मला हजारो वेळा जेवण दिलं असेल, पण मी एकही डबा कधी नीट बघितला नव्हता. किती होते, कशावर नाव होतं, काहीच नाही. हातात धरून मी नुसता उभा राहिलो.

सून चहा ठेवता ठेवता बोलत होती. "आमी तर घरी आल्यावरबी तुमचंच बोलत होतो. तुमी बाईंना सारखं गार्डसाहेब, गार्डसाहेब म्हणून राहिले होते ना! गार्डसाहेब, सिग्नल पडला का? गार्डसाहेब, झेंडी दाखवा, म्हंजी आमी निघतो. लई हसून राहिल्या होत्या त्या."

मी खाली बसलो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी सुजातानं मला सांगितलं होतं की लहानपणी तिला रेल्वेत गार्ड व्हायचं होतं, शेवटच्या डब्यातून हिरवी झेंडी दाखवायची होती. त्यावरून मी तिला गार्डसाहेब म्हणायचो. फक्त आम्ही दोघं असताना. मग मुलगी झाली, ट्यूशन सुरू झाल्या, ते नाव कधी मागे पडलं कळलंच नाही. मुलीलासुद्धा ते माहीत नाही, नंतर मी तिला आडून आडून विचारून पाहिलं.

मी सुनेला विचारलं, "ती... आनंदात होती?"

तिला प्रश्नच कळला नाही. "आता तुमीच तर हसवून राहिले होते त्यांना!"

सासूनं तोवर धपाटे थापायला घेतले होते. डबा भरला, वर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवली. निघताना परत तोच प्रश्न — बाई कशा हायत? मी म्हणालो, "बरी आहे. घरी आहे." का म्हणालो माहीत नाही. त्या घरात दुसरं काही बोलवलंच नाही.

"फुडल्या खेपेला घिऊनच या," अनुसयाबाई म्हणाल्या.

"हाव," मी म्हणालो.

सहस्रकुंडला गेलोच नाही. परतीच्या गाडीला वेळ होता, तोपर्यंत हिमायतनगरच्या प्लॅटफॉर्मवर बसून धपाटे खाल्ले आणि रडलो. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

लातूरला येऊन पुरावे शोधले. कॉलेजच्या मस्टरवर त्या ऑक्टोबरभर रोज माझी सही आहे. मेव्हण्याला विचारलं, सुजाता आजारपणात किंवा त्याआधी, लग्नानंतर कधी, कुणाबरोबर त्या गाडीनं गेली होती का? नाही. हॉस्पिटलात त्या बाईंची भेट झाली असेल का? झाली असेल. पण मग सीताफळं, भोकरचा प्लॅटफॉर्म, ते नाव... आणि मी? दोघी सासू-सुनांना एकच स्वप्न पडलं असं म्हणायचं का? मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही थकलाय." असेनही.

आत्मा मी आजही मानत नाही. कुणी म्हणेल, सुजाताची इच्छा राहिली होती, ती पुरी झाली. तसं असेल तर मला आनंदच आहे. पण तिच्याबरोबर बसलेला तो कोण? बिया काढून देणारा, शिट्टी वाजल्यावरही रमतगमत चालणारा? तो मी नव्हतो. मला त्या माणसाचा हेवा वाटतो, आणि तसं होणं मला किती सोपं होतं हे आठवलं की झोप लागत नाही.

अनुसयाबाईंकडे पुन्हा जाऊन सगळं नीट विचारावं, असं कितीदा मनात येतं. दोनदा नांदेड स्टेशनवरून परत फिरलोय. कारण गेलो की खरं सांगावं लागेल. हिमायतनगरला स्टेशनच्या मागे दोन खोल्यांचं ते एकच घर आहे, जिथं सुजाता अजून जिवंत आहे आणि मी तिचा चांगला नवरा आहे. तिथं जाऊन ते दोन्ही मोडून टाकायची माझी हिंमत होत नाही.