परतीचा चहा

आमच्या आतोबांइतका उपकार लक्षात ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरा पाहायची माझी तयारीही नाही. कृतज्ञता हा फार मोठा गुण आहे असं मी शाळेत मुलांना शिकवत असे आणि घरी येऊन तो गुण हाताबाहेर गेला की काय होतं ते बघत असे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरी अंबरनाथच्या काड्यापेटीच्या कारखान्यात, राहणं बदलापूरच्या कडेला खरवईत, अगदी रस्त्यालगतच्या कौलारू घरात. बदलापूरच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले. 'राहू द्या की मला तुमच्याकडे' असं मी म्हणायच्या आधीच, मी त्यांच्याकडे राहणार म्हणून ते माझे आभार मानून मोकळे झाले होते.

आतोबांवर कोणी उपकार केला की त्या माणसाची धडगत नसे. परसात दुधीचे वेल होते आणि त्यांना दुधी लागायचेही भरमसाट. ते सगळे उपकारकर्त्यांकडे रवाना होत. एकदा संध्याकाळी बेलवलीहून येताना त्यांचा कंदील विझला. काड्यापेटीच्या कारखान्यातला माणूस, पण खिशात काडी नाही. तिथल्या एका गृहस्थांनी ओट्यावरून उठून आपली काडी ओढून कंदील लावून दिला. एवढंच पातक त्यांच्या हातून घडलं. तेव्हापासून दर आठवड्याला त्यांच्या दारात दुधी. पुढे पुढे आतोबांची काळी टोपी वळणावर दिसली की त्या घराचं दार आतून लागायचं. मग आतोबा दुधी ओट्यावर ठेवून यायचे आणि 'बिचारे झोपलेले दिसतात' म्हणायचे. कधीकाळी पायातला काटा काढून दिला म्हणून ते हात थरथरणाऱ्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडेच दाढी करत आणि गालावर तुरटी फिरवत घरी येत. त्यांची दाढ काढली तेव्हा डॉक्टरांना दुधी मिळाला हे ओघानं आलंच, पण दाढही त्यांनी टाकली नाही. परसात खड्डा करून पुरली, वर पाणी शिंपडलं आणि हात जोडून म्हणाले, "इतकी वर्षं चावून दिलंस बाई." आत्या कपाळाला हात लावून आत गेली.

पण या सगळ्या फुटकळ उपकारांच्या मागे एक थोरला उपकार उभा होता, आणि तो फेडता आला नाही म्हणूनच आतोबा बाकीचे इतक्या आवेशाने फेडत होते, असं माझं मत आहे. महायुद्ध चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. कल्याणच्या अलीकडे लष्कराचा मोठा तळ पडलेला, आमच्या रस्त्याने लष्करी गाड्यांची सारखी ये-जा. एके दुपारी त्यातली एक रुग्णगाडी दारासमोर थांबली. इंजिन तापून वाफा येत होत्या. ड्रायव्हर उतरला आणि त्याने पाणी मागितलं. तिकडचा, उत्तरेकडचा जवान, मराठीचा गंध नाही. आत्याने बादली दिली आणि खुणेनेच, बस, चहा करते, असं सांगितलं. सरपण आणायला ती घरामागे गेली आणि लाकडांच्या ढिगात तिला घोणस चावली. आतोबा त्या दिवशी घरीच होते, पण त्यांना काही सुचेना. त्या जवानाने मात्र आत्याला उचललं, गाडीत घातलं, आतोबांना शेजारी कोंबलं आणि गाडी जी सोडली ती थेट तळावरच्या इस्पितळाच्या दारात. बाई वाचेल असं डॉक्टर म्हणेपर्यंत तो बाहेर उभा होता. आतोबांनी त्याचे दोन्ही हात धरले, पण तोंडातून शब्द फुटेना. तो हसून म्हणाला, "चाय उधार रही. लौटकर पिऊँगा." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची तुकडी बोटीने कुठल्या तरी मुलखात गेली. तो लौटकर आला नाही. त्याचं नावही विचारायचं राहून गेलं होतं.

नाव नाही, गाव नाही, आता दुधी नेऊन द्यायचा कुणाकडे? युद्ध संपलं तरी आतोबा रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की दारात येऊन उभे राहत. मग तळ रिकामा झाला, आणि फाळणीनंतर तिथल्या बरॅकींतून सिंधहून आलेली कुटुंबं राहू लागली. उल्हासनगर हे नावही नवंनवं होतं. लष्कराचं टाकलेलं लोखंड तिथे ढिगांनी विकायला असे. एकदा आतोबा घमेलं आणायला म्हणून तिकडे गेले, आणि संध्याकाळी आले ते घमेल्याशिवाय. चेहरा असा, की आत्याने विचारलं, कुणी गेलं का. "गेलं नाही," आतोबा म्हणाले. "आलंय."

भंगाराचा धंदा करणाऱ्या एका सिंधी गृहस्थांच्या आवारात त्यांनी ती रुग्णगाडी पाहिली होती. चाकं मातीत रुतलेली, काचा गेलेल्या, टपावर पापड वाळत घातलेले. हे गृहस्थ सगळ्यांना 'साईं' म्हणत, म्हणून आतोबाही त्यांना साईंच म्हणू लागले. त्यांनी आतोबांना प्रामाणिकपणे सांगितलं, की साईं, अशा गाड्या इथे पुष्कळ होत्या, हीच ती कशावरून? आतोबांनी यावर जे उत्तर दिलं ते आमच्या घरात पुढे म्हणीसारखं झालं. म्हणाले, "तीच नसली तर तिची बहीण असेल. बहिणीपाशी मानलेले आभार पोचतात." साईं टपावरचे पापड गोळा करू लागले. मग म्हणाले, बरॅक मिळेपर्यंत आमची आई, बायको, पोरं याच गाडीत राहिली, घेऊन जा. किंमत काही घेईनात. झालं. एका उपकारातून मोकळं व्हायला निघालेले आतोबा दुसऱ्यात अडकले. त्या दिवसापासून साईंच्या घरी दुधी सुरू झाले, आणि तिकडून पापड येऊ लागले. उपकाराला उपकाराने उत्तर देणारा माणूस आतोबांना आयुष्यात प्रथमच भेटला होता. दोघांपैकी कोणीच हटेना.

गावकऱ्यांचे चार बैल जुंपून गाडी अंबरनाथवरून खरवईला आली आणि आमच्या अंगणात उंबराखाली उभी राहिली. आतोबांचा बेत साधा होता. इस्पितळातून परतताना चहा पिईन असं तो म्हणाला होता. ती परतीची फेरी राहून गेली होती, ती झाली पाहिजे. गाडी स्वतःच्या बळावर तळावरच्या इस्पितळापर्यंत जाईल, त्याच रस्त्याने परत येईल, दारात थांबेल आणि तळावर एखादा चुकलामाकला जवान उरला असेलच, त्याच्या हातात आत्या चहाचा कप देईल. यातून त्या जवानाला काय पोचणार, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शाळेत शिकवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये.

इंजिनातलं आतोबांना काडीइतकंही कळत नव्हतं. रविवारी साईं येऊन एकेक भाग सोडवून देत आणि आठवडाभर आतोबा तो रॉकेलने धूत बसत. प्रत्येक नट, प्रत्येक स्क्रू वेगळा राहावा म्हणून त्यांनी कारखान्यातल्या वाकड्या, टाकाऊ काड्यापेट्या मागून आणल्या. एका पेटीत एक नट, वर खडूने खूण. या पेट्या फडताळात, देवघरात, डाळीच्या डब्यामागे, सगळीकडे. आत्या चूल पेटवायला पेटी उघडायची आणि आतून स्क्रू निघे. पाचव्या पेटीत काडी सापडली की ती म्हणे, आज लवकर स्वयंपाक होणार. ती चिडायची, पण एकही पेटी तिने कधी जागची हलवली नाही. गाडीच्या अंगावरचा गंज तिनेच नारळाच्या काथ्याने घासून काढला. घासताना ती गाडीशी काहीबाही बोलत असे, आम्ही जवळ गेलो की गप्प होई.

साईंनी कुठून तरी मिलिटरीचा हिरवा रंग मिळवला. आतोबांनी दोन्ही बाजूंना पांढरा गोल काढून त्यात लाल फुली रंगवली. इथवर सगळं ठीक होतं. पण रोज सकाळी कामावर जाण्याआधी आतोबा बॉनेट पुसून त्यावर जास्वंदीचं फूल ठेवून नमस्कार करत. त्यांचं ते नेहमीचंच होतं, दाढेला नमस्कार करणारा माणूस तो. पण रस्त्याने जाणारी माणसंही हात जोडू लागली. सोनिवलीच्या एका बाईने तापलेलं पोर गाडीखालून काढलं आणि पोराचा ताप उतरला. मग नारळ फुटू लागले, नवस बोलले जाऊ लागले, लाल फुलीवर हळदकुंकू चढलं. वर्ष सरता सरता गाडीची गाडीआई झाली. एका रविवारी साईंना कार्ब्युरेटरपाशी खोबऱ्याचा तुकडा सापडला, त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला आणि पुढचं काम केलं.

बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून एक म्हातारी येत असे. ती मात्र नवस बोलायची नाही. तिचा मुलगा युद्धात भरती होऊन गेला होता, तो परत आला नव्हता. मोळी विकून जाताना ती गाडीच्या पायरीवर टेकायची आणि जाताना रानफूल ठेवायची. आपल्या पोराने अशीच गाडी चालवली असेल, असं तिने आत्याला सांगितलं होतं. कशावरून, असं तिलाही कोणी विचारलं नाही.

शेवटी एका रविवारी इंजिन सुरू झालं. उंबरावरचे सगळे कावळे उडाले. आतोबा टोपी काढून नुसते उभे राहिले. पुढच्याच रविवारी गाडी न्यायची ठरली, आणि सकाळी पाहतो तो निम्मा गाव अंगणात. पुढे गावचे गुरव, मूळचे तळकोकणातले, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी आतोबांना शांतपणे सांगितलं, की बसलेला देव असा हलवता येत नाही, देवाला विचारावं लागतं. आतोबांचा चेहरा उतरला. ज्या गाडीने परत यायचं, तीच आता देव होऊन अंगणात कायमची बसणार होती, आणि हे सगळं त्यांच्याच नमस्कारांनी झालं होतं. गावाला दुखवणं त्यांना शक्य नव्हतं. बैल गावानेच दिले होते ना! "विचारा," ते म्हणाले. "गाडी नाही म्हणाली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही."

गुरवांनी कौल लावला. बॉनेटच्या उभ्या जाळीवर ओली फुलं चिकटवली, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं पडलं तर जावं, डावं पडलं तर राहावं. गाऱ्हाणं घालून झालं, सगळे फुलांकडे बघत बसले. फुलं जागची हलेनात. ऊन वर आलं, पोरं कुरकुरू लागली. आत चालकाच्या जागी बसलेल्या साईंनी तेव्हा नम्रपणे सुचवलं, की देवी झोपेत असेल, जागी करून विचारावं. गुरवांना ते पटलं. साईंनी इंजिन सुरू केलं, गाडी थरथरली आणि दोन्ही फुलं एकदमच खाली पडली. गुरवांनी फुलं उचलली, बराच वेळ हातात धरून पाहिली. मग म्हणाले, "उजवा पडला म्हणजे जावा. डावा पडला म्हणजे हयच ऱ्हवा. दोनय पडले. गाडी सांगता, जाऊन परत येतंय."

आतोबा मटकन पायरीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. गुरवांना त्या जवानाची गोष्ट ठाऊक होती की नव्हती, हे मी कधी विचारलं नाही. दुधी मात्र त्यांच्याकडे जन्मभर गेले.

गाडी निघाली. साईं चालवत होते, शेजारी आतोबा, मागे मी, आणि 'मला पन बसू द्या' म्हणून चढलेली ती म्हातारी. आत्या आली नाही. ती म्हणाली, मी दारात असायला हवी. इस्पितळाच्या बरॅकीत आता कुटुंबं राहत होती, जवान औषधालाही उरला नव्हता. आतोबा त्या दारासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि आम्ही त्याच रस्त्याने परत आलो. दारासमोर साईंनी गाडी थांबवली. इंजिन तापून वाफा येत होत्या. आत्या कप घेऊन पुढे आली आणि तिथेच थबकली. कप द्यायचा कुणाला? आतोबांनी साईंकडे पाहिलं. साईंनी मान हलवली, म्हणाले, मी कसा घेऊ, मी कुठे सिपाही. चहावर साय धरू लागली.

मागून म्हातारी उतरली. पदराने हात पुसत आत्यापाशी गेली आणि म्हणाली, "दे इकडं. माज्या पोराच्या वाट्याचा मीच पिते."

तिने तिथेच उकिडवं बसून, बशीत ओतून, फुंकर घालत चहा प्यायला. घाई केली नाही. कप परत देताना तिने आत्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आतोबा तिच्या पायाशी वाकले.

गाडी त्यानंतर फारशी हलली नाही. उंबराखाली उभी असे, म्हातारी आली की पायरीवर टेकत असे, आणि तिचा चहा ठरलेला असे. पुढे एका पावसाळ्यात तिचं येणं थांबलं. त्यानंतर आतोबाही फार काळ राहिले नाहीत. त्यांनी मला घर दिलं, माया दिली, त्याचे आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या पिशवीत दुधी निघाला. मग मी तो नाद सोडला. ते गेले तेव्हा साईं उल्हासनगरहून आले, आले ते काखेत दुधी घेऊन. कुणीच हसलं नाही. आत्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

आमच्या रस्त्यावर अजूनही एखादी गाडी तापते आणि ड्रायव्हर पाणी मागायला दारात येतो. सरपण आता घरातच रचलेलं असतं. आत्या त्याला बसवते, नाव विचारते, गाव विचारते आणि चहा टाकते. घाईतला कोणी म्हणतो, राहू द्या आजी, परतताना पिईन. तेवढं मात्र ती ऐकून घेत नाही. कप हातात घेऊन ती त्याच्या वाटेत उभी राहते, आणि चहा पिऊन होईस्तोवर बादली सोडत नाही.