भाऊंना न लागणारं अक्षर

आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर भाऊ आधी बाटली हुंगत. बाटली रोग्यानं घरून आणलेली असे. ती नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ह्यात रॉकेल व्हतं. धुऊन आण, जा." समोर गावचा पाटील असला तरी मुकाट्यानं नळावर जाई. मी डॉक्टर खरा, पण माझ्या शब्दाला एवढं वजन कधीच आलं नाही.

लोणावळ्याच्या बाजारातला हा दवाखाना मी साठ सालाच्या सुमाराला आधीच्या डॉक्टरांकडून घेतला, तेव्हा कपाटं, खलबत्ता आणि भाऊ असे एकदमच माझ्या पदरी आले. भाऊ औंढ्याचे. रोज पायी यायचे. मी आत रोगी तपासून चिठ्ठी लिहायची आणि त्यांनी बाहेर खिडकीमागं ती वाचून मिक्श्चर करायचं. मग बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची; एका खाचेला एक डोस. घड्याळ होतं कुणाच्या घरी? भाऊ सांगत, "उन्हं उंबऱ्याला आली की एक खाच. गुरं घरला आली की दुसरी."

पावसाळ्यात आमच्या हवेत खळ काही धरत नसे, पट्ट्या गळून पडत. मग भाऊ पट्टीऐवजी बाटलीला डोसागणिक एक असे लाल दोऱ्याचे वेढे बांधून देत. एकदा कार्ल्याचे एक आबा आठवड्यानं तक्रार घेऊन आले.

"ताप काय उतरंना, भाऊ."

"औषध घेतलं का?"

"घ्यायचं कशाला? तुमी दोरा बांधून दिलता न्हवं? दाराला टांगलीया की बाटली!"

मी हसून हसून बेजार झालो. भाऊ मात्र हसले नाहीत. "चूक माजी हाय, आबा. मी नीट सांगाया पायजे व्हतं," म्हणाले, आणि तेव्हापासून पहिला डोस ते खिडकीतच पाजू लागले.

त्यांची एकच खोड मला खुपायची. चार-आठ दिवसांतून एकदा, भर गर्दीत, चिठ्ठी घेऊन आत यायचे. "डॉक्टर, जरा अक्षर लागंना. परत लिवून द्या." अहो, माझं अक्षर शाळेपासून वाखाणलेलं! मी चरफडत, पहिल्या चिठ्ठीकडं न बघताच, एकेक अक्षर कोरून पुन्हा लिहायचो आणि वर टोमणा मारायचो, "भाऊ, चष्मा बदला आता." बाकावरची माणसं हसायची. भाऊही हसायचे.

असं दहा-बारा वर्षं चाललं. एका आषाढात दवाखाना तुडुंब भरलेला, मी सकाळपासून उपाशी, आणि भाऊ पुन्हा चिठ्ठी घेऊन दारात. माझा तोल गेला. "भाऊ, तुमचे डोळे गेलेत. पोरांच्या जिवाशी खेळ नको. घरी बसा!" भाऊंनी मापाचा ग्लास धुतला, फडक्यावर पालथा घातला, डगला काढून खुंटीला अडकवला. "बरं," एवढंच म्हणाले आणि गेले.

नवा कंपाउंडर शिकलेला, चटपटीत होता. लिहिलं ते करून मोकळा. महिनाही झाला नसेल, भुशीकडच्या एका वाडीतली बाई पोरीला छातीशी धरून धावत आली. आदल्या दिवशी मीच पोरीला डांग्या खोकल्याचं औषध दिलं होतं. पोर तापानं लालबुंद, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, तोंडानं काहीतरी बरळत होती. नव्या माणसानं चिठ्ठी पुढं केली. माझंच अक्षर, स्वच्छ, सुरेख. त्यातल्या बेलाडोनाचं, म्हणजे जास्त झालं तर विष ठरणाऱ्या औषधाचं, प्रमाण मात्र मोठ्या माणसाचं! पोर दुपारपर्यंत सावरली, देवाची कृपा.

मग मी भाऊंनी तारेला टोचून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. दोनदा लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांनी एकीमागं एक लावलेल्या होत्या. पहिलीत चूक, दुसरीत बरोबर. पुढची जोडी काढली, तीही तशीच. न लागलेलं असं एकही अक्षर त्यांत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी औंढं गाठलं. भाऊ अंगणात तांदूळ निवडत बसले होते.

"पोर कशी हाय?" त्यांनी आधी हेच विचारलं. बातमी माझ्या आधीच पोचली होती.

"बरी आहे. भाऊ, मला का नाही हो सांगितलंत कधी?"

"चारचौघांत डॉक्टरची चूक काढली, तर उद्या त्याच्या औषधावर इस्वास कोण ठेवील?"

मी हात जोडले. म्हटलं, चला परत. भाऊ तांदळातला खडा शोधत राहिले. मग हळूच म्हणाले, "डोळे गेले म्हणलात, त्याचं काय न्हाई. पोरांच्या जिवाशी खेळ म्हणलात, डॉक्टर. ते लय लागलं बगा." त्यांनी चहा पाजला, सडकेपर्यंत पोचवायला आले, पण दवाखान्याची पायरी पुन्हा काही चढले नाहीत. त्यांच्यावाचून ती खिडकी मला खायला उठायची. प्रत्येक चिठ्ठी रोग्यासमोरच दोनदा वाचायची सवय मात्र तेव्हापासून लागली.

पाच-सहा वर्षांनी भाऊ गेले. दहाव्याला ओढ्याकाठी सगळं गाव जमलं होतं. अपमान मी चारचौघांत केला होता आणि माफी रिकाम्या अंगणात मागितली होती. हे मला डाचत होतं. उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलो.

एक म्हातारी मावशी म्हणाली, "आमास्नी ठावं व्हतं की, डॉक्टर. भाऊ चिठ्ठी घेऊन आत गेला की आमी समजायचो, डॉक्टर चुकला. भाऊ हाय म्हनून तर येत व्हतो."

मी विचारलं, "मग भाऊ सोडून गेल्यावरही का येत राहिलात, मावशी?"

"त्योच धाडायचा," ती म्हणाली. "म्हनायचा, आता डॉक्टर चिठ्ठी दोनदा वाचत्यात. बिनघोर जावा."