ठकुबाईचा लेप आणि कोळशाची डबी

हिर्डोशीच्या वरच्या वाडीत शेळ्या राखणारी ठकुबाई म्हणजे चिखल्यांची डॉक्टरीण. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्या सडतात, आग आग होते, त्याच चिखल्या. मग सगळ्या जणी लंगडत ठकुबाईच्या ओट्यावर येतात. हिरडा जाळून त्याची राख खोबरेल तेलात कालवायची आणि बेचक्यांत भरायची, एवढंच तिचं औषध. गुण येत नाही असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

म्हटलं ते तिच्याच नातीनं. प्रगती पुण्यात आयुर्वेद शिकते. संशोधनासाठी तिनं आजीचाच लेप निवडला. "आजे, तू लेप लावतीस तवा लावणी संपत आलेली असती. चिखल सुटला की पाय आपसूक सुकत्यात. मग गुण लेपाचा कशावरनं?"

ठकुबाईच्या काळजात चर्र झालं. जन्मभर आपण बायकांना नुसती राख फासली की काय? हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना. "घे पारखून. पोकळ निघाला, तर पुन्ना डबीला हात लावायची न्हाई म्या."

पण पारखायची रीत ऐकून तिचा पारा चढला. सुरुवातीलाच म्हणे लेपात काही दम नाही असं धरून चालायचं! "घरच्याच पोरीचा माज्यावर इस्वास न्हाई?"

"तसं न्हवं, आजे. दम असंल तर लेपच ते म्हणणं खोटं पाडंल."

डब्या दोन. एकीत हिरड्याची राख, दुसरीत कोळशाची पूड. दोन्ही खोबरेलातच कालवलेल्या, दिसायला काळ्याकुट्ट. प्रत्येकीच्या एका पायाला हे, दुसऱ्याला ते, आणि कुठल्या पायाला काय ते नाणं उडवून ठरवायचं. लावणी सावडीची, आज हिच्या खाचरात तर उद्या तिच्या, त्यामुळे चिखल सगळ्यांना सारखाच. बायका खुशीनं तयार झाल्या.

पहिल्या वर्षी दोन्ही पाय सारखेच बरे झाले. फरक काही दिसत नाही, असं प्रगतीला पुण्यात शिकवणाऱ्या सरांनी कळवलं आणि प्रगतीचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा ठकुबाई हळूच म्हणाली, "दोनी डब्यांत हिरडाच भरला व्हता गं. ठसठसत्या पायाला कोळसा फासाया माजा हात धजंना." प्रगतीनं कपाळावर हात मारला. म्हातारीची माया उतू गेली आणि पोरीचं वर्ष वाया गेलं.

दुसऱ्या वर्षी डब्या पुण्यात भरल्या. निळ्या झाकणाच्या डबीत काय आणि लाल झाकणाच्या डबीत काय, हे फक्त सरांना ठाऊक. वाडीतल्या रतनबाईचा एक पाय सुकत आला, दुसरा चिघळतच होता. ती रोज गयावया करायची, "ठकुमावशी, दोनीकडं निळ्यातलंच लावा की!" ठकुबाईचा हात निळ्या डबीकडे जायचा, अर्ध्यातून माघारी यायचा. तिनं नातीला मनातल्या मनात लाखोली वाहिली, पण नेम मोडला नाही.

पायांची तपासणी संपली आणि सरांचा फोन आला. हिरडा निळ्या डबीत होता. चाळीस बायकांपैकी तेहतीस जणींचा हिरड्याचा पाय आधी बरा झाला होता.

"नशिबानं झालं नसंल कशावरनं?" आता ठकुबाईच विचारू लागली.

"नाणं चाळीस डाव उडवलं आन तेहतीस डाव छापाच पडला, तर काय म्हनशील?"

"नाण्यातच कायतरी हाय म्हनीन."

"तसंच हे. लेप पोकळ असता तर नुसत्या नशिबानं असं दहा हजारांत एकदासुदिक घडलं नसतं. तवा तो पोकळ हाय हे म्हणणं आता टिकत न्हाई. पर अजून दुसऱ्या गावांतबी पारखाया लागंल..."

पुढचं ठकुबाईनं ऐकलंच नाही. डोळे पुसत ती उठली, पदर खोचला आणि निळी डबी घेऊन ओट्यावर आली. रतनबाई दुखरा पाय धरून बसलीच होती.

"रतने," ठकुबाई अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी कडाडली, "दोनी पाय फुडं कर!"