पालथा हात

किसन रोज सकाळी आला की मेन स्विच टाकून आधी पंपाला पालथा हात लावायचा. तापलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तसा. बोटांची मागची बाजू लोखंडाला नुसती टेकवायची आणि लगेच काढून घ्यायची. मग मान हलवून म्हणायचा, "ताप न्हाई. चला." त्यानंतर गमबूट, त्यानंतर बादल्या, त्यानंतर पहिली गाडी. वलवणजवळ जुन्या हायवेला माझं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर होतं, तिथं अकरा वर्षं मी हे रोज पाहिलं.

एक दिवस तो हात लावायला विसरला आणि शॉक लागून गेला, असं लोणावळ्यात आजही सांगतात. हे खरं नाही. खरं काय घडलं ते दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक मी. माझं आता वय झालं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

पालथ्या हाताची सवय त्याला कारखान्यातून लागली होती. "दोन वर्सं खोपोलीला वायरमनच्या हाताखाली व्हतो," तो सांगायचा. "त्यो म्हनायचा, तळवा लावला आन् करंट आसला, तर मूठ आपसूक मिटती. मंग सोडायचं म्हनलं तरी सुटत न्हाई. पालथा लावला तर हात झटकला जातो. माणूस वाचतो." मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "अरे, रोज काय बघायचं त्यात? काल होता तसाच आज असणार." तो हसला नाही. म्हणाला, "आबा, पान्याला आन् इजंला आपन एकाच खोलीत ठिवलंय. रोज इचारपूस करावी लागती."

कामात तो हळू होता, पण त्याच्या हातची गाडी ओळखू यायची. छतापासून सुरुवात, खालची माती सगळ्यात शेवटी. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा काचेला लावायचं नाही. मुंबईचे लोक चिक्की विकत घेत, सीटवर ठेवत आणि गाडी उन्हात लावून डॅम बघायला जात. परत येईपर्यंत गुळाचा राडा झालेला. आमच्याकडचे हंगामी गडी तो चमच्यानं खरवडायला जात आणि कापड फाडत. किसन कोमट पाण्याचं फडकं त्यावर ठेवून नुसता बसून राहायचा. "वरबाडायचं न्हाई. तिला वाटलं पायजे की आपन आपल्या मनानं सुटतोय."

घाटात पोरं गाडीत ओकायची. अशी गाडी आली की आया मान खाली घालून उभ्या राहत. किसन दार उघडायचा, आत बघायचा आणि म्हणायचा, "ताई, ह्ये घाटाचं काम हाय, पोराचं न्हाई. तुमी तितं सावलीत बसा." त्या बाईचा चेहरा सैल व्हायचा. ती माणसं पुढच्या वर्षी खंडाळ्याला येताना आमच्याकडं मुद्दाम थांबत आणि विचारत, "ते मामा आहेत का?" मालकाची चौकशी कोणी केल्याचं मला आठवत नाही.

वर्षातून तो एकच दिवस हक्कानं मागायचा, तो म्हणजे दसरा. आमच्या धंद्यात त्याच्याहून मोठा दिवस नाही. रिक्षापासून बसपर्यंत प्रत्येकाला गाडी धुवायची असते, झेंडूचा हार घालायचा असतो. पण किसनचं घराणं बौद्ध. त्या दिवशी त्याच्या आजोबांच्या पिढीनं धर्म घेतला होता. दसऱ्याला तो आणि त्याची बायको सुमन पांढरे कपडे घालायची, आधी विहारात जायची, मग लोकल पकडून देहूरोडला. दहा वर्षं मी नाक्यावरचे दोन गडी आणून तो दिवस कसाबसा काढला. कुरकुर केली, पण त्याला अडवलं नाही.

अकराव्या वर्षी रोहित आला. कुसगावचा मुलगा, चुलत्याची हायवेला लागून जागा. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो माझ्या खुर्चीसमोर येऊन बसला. बोलायला गोड. "काका, तुम्हाला सांगितल्याशिवाय करायचं नाही म्हणून आलो. दसऱ्याला ओपनिंग आहे. फोमचं मशीन, दोन रॅम्प, वीस मिनिटांत गाडी बाहेर. तुम्ही आता किती दिवस ओढणार? तुमचा तो माणूस मला द्या, चांगला सांभाळीन." त्यानं किसनलाही परस्पर विचारलं होतं. ते मला किसननंच सांगितलं. "म्या न्हाई म्हनलं. वीस मिन्टात गाडी धुतात व्हय? वीस मिन्टात तर चिक्की सुटत न्हाई."

मला त्या रात्रीपासून झोप लागेना. हे सेंटर सोडलं तर माझ्याकडं काही नव्हतं. मीही फोमचं मशीन मागवलं. पुढं मोठा बोर्ड लावायचं ठरवलं, दिव्यांचा. याच दिवसांत, गणपतीच्या आसपास, किसन एका सकाळी हात झटकून म्हणाला, "आबा, पंपाला कणकण हाय." अर्थिंगची तार पावसानं गंजली होती. त्यानं लाकडी फळीवर उभं राहून ती तात्पुरती आवळली आणि म्हणाला, "ह्ये टिकायचं न्हाई. वायरमनला बोलवा." पुढं आठवड्यातून एकदा तरी कणकण निघायची. तो पंप बंद करायचा, तार आवळायचा, पुन्हा पालथा हात लावायचा, मग काम. मला पुन्हा पुन्हा सांगायचा.

वायरमन आला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दसऱ्याच्या आधी चार दिवस तो आला, आणि मी त्याला आधी बोर्डावरचे दिवे लावायला सांगितले. त्यात त्याचा दिवस गेला. अर्थिंगचं दसऱ्यानंतर बघू, असं मी म्हणालो.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी किसनच्या घरी गेलो. सुमन इस्त्री करत होती. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी साडी. मी म्हणालो, "किसन, उद्या दहापर्यंत ये. फक्त दहापर्यंत. मग मीच तुला स्टेशनवर सोडतो." त्यानं इस्त्री केलेल्या कपड्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "आबा, वरसाचा येकच दिस मागतो मी तुमाकडं."

"या वर्षी तो मला दे," मी म्हणालो. "नाहीतर पुढच्या वर्षी सुट्टी मागायला सेंटरच राहणार नाही."

सुमननं इस्त्री बाजूला ठेवली आणि ती आत निघून गेली. किसन म्हणाला, "येतो."

तो सहाला आला. काम आटोपून थेट स्टेशनवर जायचं म्हणून पांढऱ्या कपड्यांतच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गमबुटानं पँट मळेल म्हणून अनवाणी. तोपर्यंत मी पंप सुरू करून ठेवला होता, कारण दारात पहिली गाडी उभी होती, आणि ती रोहितची होती. त्याचं वीजकनेक्शन आलंच नव्हतं. "काका, माझं ओपनिंग गेलं दिवाळीवर," तो हसत म्हणाला. "आता आधी माझीच गाडी धुवा. बघू तरी तुमचा स्पीड."

म्हणजे त्या दिवशी किसनला बोलवायची गरजच नव्हती. हे मला तेव्हाच कळलं. मी त्याला तिथूनच परत पाठवू शकलो असतो. पण रोहित खिशात हात घालून बघत होता, आणि मला त्याला दाखवायचं होतं.

किसननं चालू पंपाकडं पाहिलं आणि मला विचारलं, "हात लावला का?"

रोहित हसला. "पंपाची पण पूजा असते का, मामा?"

मी हात लावला नव्हता. मला ते सुचलंही नव्हतं. पण बघायचं म्हणजे काम थांबवायचं, कणकण निघाली तर पंप बंद करायचा, आणि ते सगळं रोहितसमोर. मी म्हणालो, "लावला, लावला. बघितलंय मी. तू सुरू कर."

मालक म्हणतो आहे, बघितलंय, म्हणजे बघितलंय. त्यानं पाण्याची गन घेतली, छतापासून सुरुवात केली. थोड्या वेळानं पाण्याचा जोर कमी झाला. तो पंपापाशी गेला आणि प्रेशरचा नॉब फिरवायला त्यानं हात घातला. पूर्ण तळवा.

मी बॉनेटसाठी झेंडूचा हार सोडवत होतो. त्याच्याकडं माझी पाठ होती. रोहित ओरडला तेव्हा मी वळलो. मेन स्विचपर्यंत जायला मला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. त्याची मूठ मिटलेली होती, जशी मिटते असं तो सांगायचा तशीच.

आम्ही त्याला रोहितच्याच गाडीतून नेलं. अर्धी गाडी ओली, अर्धी कोरडी. दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. बाहेरच्या बाकावर रोहित माझ्या शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही लावला होता ना हात?" मी म्हणालो, "हो." तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पोलिसांना मी सांगितलं, "रोज तपासायचा साहेब. आज सणाची गडबड, विसरला." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. जाताना रोहितनं साक्षीदार म्हणून फक्त सही केली.

तेच वाक्य पुढं गावभर झालं. मी सेंटर बंद केलं. रोहितनं त्याचं सुरू केलं, ते आजही चालतं. पदरात एक पोरगी होती, म्हणून सुमन हॉटेलात भांड्याला जाऊ लागली. मी दिवाळीला फराळ घेऊन तिच्याकडं जायचो. तिनं तो कधी नाकारला नाही, आणि त्याची मला जास्त लाज वाटायची. एकदा ती म्हणाली, "रोज फोटोपुढं भांडते आबा. म्हनते, सारा जलम पंपाला हात लावला, आन् त्याच दिशी कसं इसरलात?" मी चहा संपवला आणि घरी आलो.

गेल्या महिन्यात मुलाच्या गाडीतून रोहितच्या सेंटरवर गेलो होतो. तिथला एक जुना कामगार नव्या माणसाला समजावत होता, "हितं वलवणला किसन म्हनून होता. रोज पालथा हात लावायचा. एक दिस इसरला, गेला. आपल्याला तसं करायचं न्हाई." रोहित गल्ल्यावर होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. गाडी अर्धी धुतलेली सोडून मी चालत वलवणला गेलो.

सुमन दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. वायरमन, बोर्डाचे दिवे, रोहितची गाडी, किसननं विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. तिचे हात सुपात तसेच राहिले.

मग ती म्हणाली, "इतकी वर्सं भांडले मी त्यांच्यासंगं. पोरीला सांगितलं, तुजा बाप येका दिसाला इसरला म्हनून आपन असं ऱ्हातो."

तिनं सूप खाली ठेवलं.

"ह्ये लिवून द्या," ती म्हणाली. "पोरीला वाचाय. गावाला बी वाचू द्या. आन् माफी बिफी त्यात लिवू नका. झालं तेवढंच लिवा."

ती उठून आत गेली. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. दारातून मला दिसलं, तिनं पदरानं फोटोची काच पुसली आणि त्याच्यासमोर खाली बसली. मी चपला घातल्या.

झालं तेवढं लिहिलं आहे. किसन विसरला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं, "हात लावला का?" आणि मी म्हणालो होतो, लावला.