वजन बरोबर आहे म्हणे

मित्रांनो, सकाळपासून डोकं फिरलंय.

आईच्या अंगठीतला हिरा हलत होता, म्हणून नंदुरबारच्या एका सोनाराकडे नवीन कोंदण करायला दिली होती. आज मी खरं तर अक्कलकुव्याला निघालो होतो, पण अंगठी तयार आहे असा फोन आला आणि गाडी वळवली.

अंगठी एकदम चकचकीत. पण आतल्या बाजूला पप्पांनी टाचणीने कोरलेलं आईचं वाकडंतिकडं नाव गायब. पप्पा आता नाहीत.

"काका, आतलं नाव कुठंय?"

"जुनं सोनं गाळी टाकं. वजन बराबर शे ना भाऊ?"

म्हणजे अख्खी अंगठी वितळवून नवी केली! फक्त कोंदण बदला, असं मी दोनदा बजावलं होतं. तेही सांगितलं, तर त्यांनी वजनाचा काटाच दाखवला.

आई घरी वाट बघतेय. तिला काय सांगू, वजन बरोबर आहे?